एम.ए., एम.एस्सी. करायचं तर कशासाठी करायचं?

बी.ए., बी.एस्सी.चे निकाल लागले की मराठवाड्यातल्या घराघरांत एकच विषय निघतो, पोराचं किंवा पोरीचं पुढं काय? बहुतेक वेळा उत्तरही ठरलेलं असतं. "एम.ए.ला फॉर्म भरून ठेव, रिकामं बसण्यापेक्षा बरं." मग कुणी वसतिगृहातली जागा टिकावी म्हणून प्रवेश घेतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला शहरात राहायला मिळावं म्हणून, आणि कितीतरी मुली घरच्यांनी लगेच स्थळं बघायला लागू नये म्हणून. यातलं एकही कारण मला हलकं वाटत नाही. शेवटचं तर मुळीच नाही. ज्या घरात पदवीनंतर मुलीचं लग्न ठरतं, तिथं दोन वर्षांची ही मुदत तिच्या हक्काची आहे आणि तिनं ती जरूर घ्यावी. माझं म्हणणं इतकंच, की प्रवेश कोणत्याही कारणानं घ्या, पण ही दोन वर्षं कशात घालायची ते पहिल्याच महिन्यात ठरवा. कारण या पदवीनं उघडणारी दारं मोजकीच आहेत, आणि ती गुणपत्रिकेपेक्षा तुम्ही स्वतः केलेल्या कामावर उघडतात.

आधी दारांचं बघू. एमपीएससीची राज्यसेवा, यूपीएससीची नागरी सेवा, तलाठी, ग्रामसेवक, बँकांची नेहमीची भरती यांपैकी कुठंच पदव्युत्तर पदवी मागत नाहीत. पदवी किंवा त्याहून कमी शिक्षण पुरतं. त्यामुळं "एमपीएससीला एम.ए. उपयोगी पडतं" या समजावर दोन वर्षं घालवू नका. वाचनाची सवय लागली तर तेवढा फायदा, पात्रतेचा काही नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं असेल तर विषयातली पदव्युत्तर पदवी आणि वर बी.एड. लागतं, म्हणजे पदवीनंतर चार वर्षं. शिवाय शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते ती वेगळीच. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, नेट देशपातळीवरची आणि सेट राज्यपातळीवरची) हवी. १ जुलै २०२३ पासून त्या पदासाठी पीएच.डी.ची सक्ती नाही, नेट-सेट ही किमान अट आहे. पगार सातव्या आयोगाच्या दहाव्या स्तरावर, मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो. आकडा मोठा आहे, पण जागा फार थोड्या निघतात आणि कितीतरी नेट-सेटधारक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवत आहेत. प्रवेश घेतानाच हे माहीत असावं. प्राध्यापकी हे एकच स्वप्न धरून एम.ए.ला बसणाऱ्यानं जोडीला दुसरा रस्ता तयार ठेवावा, असं मी आग्रहानं सांगेन.

५५ टक्क्यांच्या अटीत पोरं हमखास अडकतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेयर), दिव्यांग आणि तृतीयपंथी यांना नेटसाठी ५० टक्के चालतात, बाकीच्यांना ५५. ५४.९० चे ५५ धरले जात नाहीत, नियमातच 'पूर्णांकात न बदलता' असं आहे. एखाद्या सत्रात दोन विषय राहिले आणि पुढं कसेबसे निघाले की एकूण टक्के बरोबर या रेषेखाली घसरतात. त्यामुळं पहिल्या सत्रापासून सरासरीकडं लक्ष ठेवा. विद्यापीठ गुणांऐवजी श्रेणी आणि सीजीपीए देतं, आणि त्याचे टक्के करायचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं असतं. ते रूपांतराचं पत्र परीक्षा विभागातून निकाल लागल्या लागल्या घेऊन ठेवा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते मिळत नाही.

आता अभ्यासक्रमाची आजची रचना. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तरचा साचा बदलला आहे. दोन वर्षं, चार सत्रं, दर सत्राला २२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप), एकूण ८८. पहिलं वर्ष पूर्ण करून कुणी बाहेर पडलं तर ४४ क्रेडिटवर पदव्युत्तर पदविका मिळते. घरच्या अडचणीमुळं मधेच शिक्षण सोडावं लागणाऱ्याला ही सोय मोठी आहे, पूर्वी त्याच्या हातात काहीच राहायचं नाही. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा विषय आहे, दुसऱ्यात ४ क्रेडिटचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. बेरीज केली तर ८८ पैकी १८ क्रेडिट अशा कामाची आहेत, जे गाईड वाचून होत नाही. आणि मराठवाड्यात नेमकी हीच १८ क्रेडिट सगळ्यात कोरडी जातात. संशोधन पद्धती पाठ करून लिहिली जाते, प्रशिक्षणाचा दाखला ओळखीच्या संस्थेतून सही करून येतो, आणि प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीच्या फाईलवर नाव बदलून बांधला जातो. माझ्या मते पदवीचा सगळा कस तिथंच वाया जातो. म्हणून या प्रकल्पावर जरा सविस्तर लिहितो.

३० तासांना एक क्रेडिट या हिशेबानं दोन सत्रांच्या प्रकल्पाला ३०० तास मिळतात. अर्थशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्यानं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांवर काम करायचं ठरवलं, असं धरू. पहिली चूक वेळापत्रकात होते. प्रकल्पाची आठवण चौथ्या सत्रात, जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या वेळी गाव रिकामं असतं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे परततात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली लेकरं. त्यांना विचारून उचलीचा (हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेचा), मजुरीचा हिशेब मिळत नाही. म्हणून घरोघरची पाहणी तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला, जुलै ते सप्टेंबरमध्ये करायला हवी आणि विषय त्याआधीच्या उन्हाळ्यात पक्का व्हायला हवा. चौथं सत्र मांडणीला आणि लिहायला ठेवा.

घरं कशी निवडायची? मित्राच्या गल्लीतली तीस घरं घेतली तर ती एकाच भावकीची निघतात. त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, सगळ्या घरांची यादी असते. ३०० घरं असतील आणि ३० हवी असतील तर दर दहावं घर घ्या, पहिला आकडा १ ते १० मधून चिठ्ठी टाकून काढा. एखादं घर बंद असलं की शेजारचं घर घ्यायचा मोह होतो. तो टाळा. दोनदा जाऊन या, तरी बंद असेल तर 'घर बंद' अशी नोंद करा. स्थलांतरावरच्या पाहणीत बंद घर हीच माहिती आहे. ती वगळून जवळची उघडी घरं घेतली, तर गावातून कुणी जातच नाही असं चित्र तयार होतं.

प्रश्नावली गावातल्या आठ-दहा घरांवर आधी चालवून बघा. "तुमचं वार्षिक उत्पन्न किती?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक प्रकल्पात असतो आणि त्याचं उत्तर जवळपास प्रत्येक घरात निरुपयोगी मिळतं. कुणी उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा सांगतं, कुणी तुम्हाला योजनेचा माणूस समजून कमी सांगतं, आणि बऱ्याच जणांनी तसा वर्षाचा हिशेब कधी केलेलाच नसतो. त्याचे तुकडे करा. जमीन किती एकर, त्यातली जिरायत किती, बागायत किती. सोयाबीन किती कट्टे झालं, कुठल्या भावानं घातलं. बियाणं, खत, फवारणीला किती गेले. कोयत्यामागं उचल किती घेतली, कोणत्या महिन्यात, हंगाम संपल्यावर किती फिटली आणि पुढच्या सालावर किती गेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे प्रश्नावलीत स्पष्ट ठेवा, नाहीतर एका घरात एक आकडा माणशी येईल आणि दुसऱ्या घरात जोडीचा. बायकांना वेगळं विचारा. मजुरी कुणाच्या हातात पडते, याचं उत्तर नवरा आणि बायको सारखं देतीलच असं नाही, आणि तो फरक तुमच्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची नोंद ठरू शकतो. पाहणी कशासाठी आहे ते घरच्यांना आधी सांगा, नावं प्रकल्पात छापू नका.

मांडणी करताना एक्सेलमध्ये एका घराला एक ओळ, एका प्रश्नाला एक रकाना. ज्याचं उत्तर मिळालं नाही तिथं शून्य भरू नका, ती चौकट रिकामी सोडा. शून्य भरलं की सरासरीत ते धरलं जातं आणि आकडा खाली येतो. रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही. एवढ्या बारीक गोष्टीवरून अख्खा निष्कर्ष उलटू शकतो. उचलीचे आकडे एक-दोन घरांत फार मोठे निघतात, तिथं सरासरीसोबत मध्यकही (आकडे क्रमानं लावल्यावर बरोबर मधला येणारा) द्या. तोंडी परीक्षेत परीक्षक फिरून फिरून हेच विचारतात: हीच घरं का, हा आकडा कसा काढला, याची मर्यादा काय. ज्यानं खरंच घरं हिंडून पाहिली आहेत त्याला याची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. सामाजिक संस्थेत, पाहणी करणाऱ्या कंपनीत किंवा सरकारी योजनेच्या मूल्यमापनात काम मागायला गेलात तर हाच ५०-६० पानांचा प्रकल्प दाखवता येतो.

प्रयोगशाळेच्या विषयांत कसोटी वेगळी असते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा भागांतल्या औषध कंपन्यांत रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.वाल्यांना गुणवत्ता नियंत्रणात घेतात आणि मुलाखत बहुधा एचपीएलसी या, द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या, एका उपकरणाभोवती फिरते. विश्लेषणाची किंवा सेंद्रिय रसायनाची शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याची आकृती काढता येते, पण हात लावलेला नसतो. विचारतात साध्या गोष्टी. मोबाइल फेज (स्तंभातून वाहणारा द्रव) ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून का गाळायची? बारीक कण स्तंभाच्या तोंडाशी अडकतात आणि दाब चढतो म्हणून. हवा का काढायची? बुडबुडा पंपात गेला की प्रवाह तुटतो आणि आलेखाची बेसलाइन हलते. फॉस्फेट बफर वापरल्यावर सरळ ॲसिटोनायट्राइल सोडलं तर काय होईल? क्षार स्फटिक होऊन बसतात आणि स्तंभ तुंबतो, म्हणून मधे पाण्याचं प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणानं धुवायचं. नमुना चालवण्याआधी प्रमाणद्रावणाची पाच-सहा इंजेक्शनं घेतात, आलेखावरच्या त्यांच्या शिखरांच्या क्षेत्रफळातला सापेक्ष फरक साधारण २ टक्क्यांच्या आत हवा. ही चार वाक्यं स्वतः करून शिकलेला आणि वाचून शिकलेला यांच्यातला फरक मुलाखत घेणाऱ्याला पाच मिनिटांत कळतो. विभागात उपकरण बंद पडून असेल तर दुसऱ्या सत्रातलं ते ४ क्रेडिटचं प्रशिक्षण, १२० तासांचं, कंपनीतच मागा. रोज सहा तास धरले तर वीस दिवस होतात. त्यासाठी विभागप्रमुखांचं पत्र डिसेंबरातच घ्या. परीक्षा तोंडावर आल्यावर कंपनी कुणाला आत घेत नाही.

इतिहास, मराठी, उर्दू घेणाऱ्यांना नोकरीच नाही असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. इथली जुनी दप्तरं मोडीत, उर्दूत, काही फारसीत आहेत. २०२३ साली निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली. जमिनीच्या वादात वकिलांना, घराण्याच्या कागदपत्रांसाठी सामान्य माणसाला हे वाचून देणारा माणूस लागतोच. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं दोन वर्षांत मोडी सफाईदार वाचायला शिकावं, जमलं तर उर्दू लिपीही. रोज एक पान वाचण्याची सवय वर्षभर टिकवली की हात बसतो. मराठीच्या विद्यार्थ्याला तर विषय शोधायला लांब जायची गरजच नाही. पैठणला एकनाथ, गंगाखेडला जनाबाई, नर्सीला नामदेव, अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत, शिवाय महानुभावांच्या पोथ्या. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी अंबाजोगाईतच आहे. त्याच गावात एम.ए. करणाऱ्यानं ती न पाहता 'संत साहित्यातील भक्तिभाव' या नावाचा शंभरावा प्रकल्प लिहावा, याचं खरोखर वाईट वाटतं.

मानसशास्त्राबद्दल एक इशारा. समुपदेशनाची मागणी वाढली आहे, लातूरच्या शिकवण्यांच्या पट्ट्यात तर विशेष. पण नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्याला वैधानिक परिषदेची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. समाजकार्याची पदवी मात्र थेट कामाला येते. रुग्णालयं, बालगृहं, मोठे कारखाने यांत काही पदं त्याच पदवीसाठी असतात. त्या वाटेनं जायचं असेल तर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र १९८६ पासून आहे. देशभरातून मुलं तिथं ग्रामविकास शिकायला येतात आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांना त्याचा पत्ता नसतो.

कुठं शिकायचं याला मी विषयाइतकंच महत्त्व देतो. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, त्याचं उपकेंद्र धाराशिवला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चं, नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीसाठी. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. विद्यापीठातला विभाग आणि तालुक्याच्या महाविद्यालयातलं पदव्युत्तर केंद्र यांची पदवी कागदावर सारखीच दिसते. प्रवेशाआधी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन बघा. त्या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिकेवरचे किती? विभागातून मागच्या दोन-तीन वर्षांत कुणी नेट-सेट निघालं का? ग्रंथालयात विषयाची नवी पुस्तकं कोणत्या सालची आहेत? दुपारी दोन वाजता विभागात कुणी असतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहितीपुस्तिकेत सापडत नाही, दारात उभं राहिल्यावर मिळतं. विज्ञानवाल्यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षात जॅम द्यावीच. आयआयटीतली एम.एस्सी. तिच्या गुणांवर मिळते, आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आहे. अभियंत्यांना गेटच्या गुणांवर एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. घर चालवत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहे. त्यांची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, फक्त त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का ते आधी तपासा.

पैशाचं थोडक्यात. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावा लागतो, तो आपोआप पुढं जात नाही. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं तेच धरलं जातं. मधल्या काळात गावातल्या दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिकडं गेलेले असतात आणि पोरगं 'आलेच नाहीत' म्हणत बसतं. मुलींना फी माफ झाली हे खरं, पण २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. साध्या एम.ए.साठी तो गृहीत धरू नका, महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारा.

संशोधनाकडं जायचं असेल तर नेटची तयारी पहिल्या वर्षापासून करा. अंतिम वर्षाला असताना ती देता येते, निकालापासून दोन वर्षांत पदवी पूर्ण केली म्हणजे झालं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा सर्वांना सारखा, दुसरा १०० प्रश्नांचा विषयाचा, मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. विज्ञानाची सीएसआयआरची नेट वेगळी, तिथं गुण कापतात. नेटमधूनच मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीला ३० वर्षांची वयोमर्यादा आहे, महिलांना आणि मागासवर्गीयांना पाच वर्षांची सूट. रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशालाही नेटचे गुण धरतात. पुणे विद्यापीठ घेतं ती सेट फक्त महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते, पण बऱ्याच विषयांची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. गावाकडून मराठी माध्यमात शिकून आलेल्यांनी आधी सेट द्यावी असं मला वाटतं, तीच तयारी नेटला पुढं उपयोगी पडते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आत्ता पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असणाऱ्यांसमोर आणखी एक निवड येते आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी करून एका वर्षाची पदव्युत्तर, किंवा तीन वर्षांवर थांबून नेहमीची दोन वर्षांची. वेळ दोन्हीकडं पाचच वर्षं. चौथं वर्ष आपल्या महाविद्यालयात प्रत्यक्ष चालणार आहे का, संशोधनासह ऑनर्ससाठी तिथं मार्गदर्शक आहेत का, हे सहाव्या सत्राच्या आत लेखी विचारून घ्या. मार्गदर्शक नसेल तर तीन अधिक दोनचा जुना रस्ता धरा आणि दुसऱ्या टप्प्याला चांगल्या विभागात जा. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पदव्युत्तर न करताही पीएच.डी.ला अर्ज करता येतो. पण ज्यानं अजून एकही स्वतंत्र पाहणी किंवा प्रयोग केलेला नाही त्यानं ही घाई करू नये, पदव्युत्तरचे ते ३०० तास आधी करावेत.